कौशल्याबाईंचं न पेरलेलं अंगण

कौशल्याबाई इंगोल्यांनी आपल्या अंगणात जन्मात एक बी पेरलं नाही, आणि तरी त्या अंगणात पाय ठेवायला जागा नाही. अमरावतीत बडनेरा रोडच्या आतल्या अंगाला जो ले-आउट पडला, तिथं बाकी सगळ्यांनी कुंड्या मांडल्या, नर्सरीतून गुलाब आणले, हौसेनं लॉन अंथरलं आणि मे महिन्यात त्या लॉनचा पापड झालेला डोळ्यांनी पाहिला. कौशल्याबाईंची तऱ्हाच न्यारी. भोपळा चिरला की बिया खिडकीतून बाहेर. पपई कापली की बिया कुंपणाशी झटकल्या. पाखरांना मूठभर मका टाकला, पाखरांनी अर्धा खाल्ला, अर्धा विसरली. मग पावसाळ्यात जे काही वर येईल त्याच्यापुढे बाई हात जोडून उभ्या. फेकणं म्हणजे पेरणं नव्हे, हा त्यांचा कायदा, आणि त्या कायद्यावर वाद घालायला गेलेला माणूस चहा पिऊन, पपई घेऊन, हरून परत यायचा.

उपटण्याचं तर नावच काढायचं नाही. मोरीच्या पाण्यावर अळू माजला, राहू दे. तुळशीच्या कट्ट्यातून पिंपळ निघाला, राहू दे. आपल्या पायानं आलं त्याला हाकलायचं नाही. ह्या हट्टाला कारण होतं आणि ते बाई स्वतःच सगळ्यांना हसत हसत सांगत. आईबाप लवकर गेले, भातकुलीकडच्या एका खेड्यात मामाच्या घरी त्या वाढल्या, आणि मामी ताट वाढताना रोज न चुकता म्हणायची की ही आपली न पेरता उगवलेली. पुढं लग्न झालं ते खुशालरावांशी. खुशालराव एसटीच्या वर्कशॉपमध्ये, त्यामुळे आज परतवाडा, उद्या दर्यापूर, परवा अकोला. सगळा संसार भाड्याच्या खोल्यांत. एकदा तेलाच्या डब्यात कोथिंबीर आपोआप उगवली होती, ती घरमालकानं डब्यासकट भंगारात दिली. बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. म्हणून निवृत्तीनंतर घर बांधायला काढलं तेव्हा त्यांनी नवऱ्याला साफ सांगितलं, खोली एक कमी पडली तरी चालेल, पण माती आपल्या नावाची पाहिजे. खुशालरावांनी मान हलवली. ते फार बोलत नाहीत. त्यांच्या वाट्याचं बायको बोलून घेते.

आणि बोलणं तरी किती! सकाळी उठल्यापासून बाईंची जीभ जागेवर म्हणून नाही. माणसाशी बोलून झालं की झाडाशी, झाड ऐकून दमलं की गॅसच्या शेगडीशी. सून आरती पहिल्या वर्षी घाबरली होती, घरात आणखी कोण आलं म्हणून दोनदा दार उघडून पाहून आली.

ही आरती अकोल्याची. बँकेत नोकरीला, स्वभावानं सरळ, हिशोबाची पक्की. नवरा गजेंद्र कंपनीच्या कामानं सारखा फिरतीवर, म्हणून तिची अडीच वर्षांची श्रावणी दिवसभर आजीच्या राज्यात. आता श्रावणीचा गुण असा की जे दिसेल ते आधी तोंडात. माती खाऊन झाली, शर्टाचं बटण खाऊन झालं, एकदा गाल फुगलेले दिसले म्हणून बोट घालून पाहिलं तर आतून जिवंत गोगलगाय निघाली. त्यातच आरतीनं कुठंतरी बातमी वाचली, शाळेतल्या पोरांनी चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या आणि वर्गाचे वर्ग दवाखान्यात. झालं. तिनं संध्याकाळी घरी येऊन सांगितलं की हे सगळं काढायचं आणि पेव्हर ब्लॉक बसवून टाकायचे. चंदन नावाचा एक माणूस हे काम करतो, त्याला तिनं सोमवारी सामान घेऊन यायला सांगितलंसुद्धा.

कौशल्याबाईंनी आधी भांडून पाहिलं, मग रडून पाहिलं, मग एक आख्खा तास गप्प बसून पाहिलं, आणि ह्या शेवटच्या प्रकारानं मात्र घर हादरलं. शेवटी सासूसुनेत तोड निघाली. ऋषिपंचमीला आरतीचे वडील रविकांतराव अकोल्याहून जेवायला येणार होते. ते तिथल्या कृषी विद्यापीठात शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी जेवण झाल्यावर अंगण फिरून पाहायचं. एकही झाड विषारी नाही असं त्यांनी म्हटलं, तर सोमवारी चंदनला नको म्हणून सांगायचं. एक जरी निघालं, तर ब्लॉक.

"एक जरी?" बाईंनी विचारलं.

"एक जरी," आरती म्हणाली.

"मंजूर," असं बाई ठसक्यात म्हणाल्या खऱ्या, पण पाण्याच्या टाकीमागं, जिथं त्यांच्याशिवाय कोणी जात नाही, तिथं कळलावीचा वेल चढला आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. कळलावी म्हणजे काय हेही ठाऊक होतं. मामाची एक बकरी तिचा कंद उकरून खाऊन मेली होती. पण व्याही पोटभर जेवले की सुस्तावतील, टाकीपर्यंत कशाला जातील, असा त्यांनी आपला डाव मांडला. हा डाव लबाडीचा होता, आणि त्यांना तो आवडला होता.

आता ऋषिपंचमीचा दिवस म्हणजे कौशल्याबाईंच्या वर्षाचा राजा. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही. नांगरलेल्या शेतातलं काही चालत नाही, आपोआप उगवलेलं, हातानं लावलेलं तेवढंच. ले-आउटमधल्या बाया त्या दिवशी बाजारात जाऊन, महागाच्या भाज्या आणून, ह्या बैलानं पिकवल्या की माणसानं, असं भाजीवाल्याला विचारत बसतात. भाजीवाला बिचारा देवाची शपथ घेतो. कौशल्याबाई मात्र परसात गेल्या की निम्मी भाजी तिथंच. अळू, माठ, अंबाडी, भोपळा, मक्याची कणसं, आणि त्यातलं एकही त्यांनी लावलेलं नाही. पेरलं नाही म्हणून तर ते ऋषींना चालते, असं त्या दरवर्षी सांगत आणि दरवर्षी नवीन सांगितल्यासारखं सांगत.

त्या दिवशी पहाटे त्या उठल्या, आघाड्याच्या काडीनं दात घासले, न्हाल्या आणि अंधार पुरता फिटायच्या आत टोपली घेऊन बाहेर पडल्या. चष्मा घरातच राहिला. हाताला पान कळते, चष्मा कायले पायजे, असं त्यांनी मक्याच्या ताटांना ऐकवलं. भराभरा पानं खुडली, भाजी धुतली, चिरली, मोठ्या गंजात शिजत घातली. नैवेद्य व्हायचा असल्यामुळे चव घ्यायची नाही, वासावरूनच मीठ ओळखायचं. वास असा सुटला की गणपतीसमोर खुर्चीत बसलेल्या खुशालरावांनी दोनदा पोथीतून मान वर काढली.

मग नऊच्या सुमारास साली टाकायला बाई पुन्हा बाहेर आल्या. ह्या वेळी चष्मा होता. आणि मक्याच्या मागं, माठाला अगदी खेटून, त्यांना एक फूल दिसलं. पांढरं, लांब, भोंग्यासारखं. त्याच्याखाली काटेरी हिरवं फळ.

धोतरा.

"तू कवा आला रे बाप्पा?" बाई म्हणाल्या. गेल्या महिन्यात दिसला नव्हता, मक्याच्या आडून गुपचूप वाढला असणार. वाकून पाहिलं, तर धोतऱ्याची दोन पानं देठाशी तोडलेली. ताजी. देठ अजून ओला.

बाईंनी आपल्या हाताकडे पाहिलं. मग घराकडे पाहिलं, जिथून भाजीचा वास येत होता. पहाटेचा अंधार, चष्मा नाही, माठाला खेटून धोतरा. पानाला पान लागून आलं असेल. असेल काय, आलंच! त्या मक्याचं ताट धरून उभ्या राहिल्या, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना अंगणात बोलायला कोणी सुचेना.

आता काय करायचं? साधी गोष्ट होती. भाजी फेकून द्यायची. पण कारण काय सांगायचं? वर्षाची भाजी, व्याही वाटेत, गंज भरलेला. धोतरा पडला म्हटलं की आरती विचारणार, धोतरा कुठून आला? आणि सोमवारी चंदन दारात. करपली म्हणावं तर आरतीनं आत्ताच झाकण काढून छान झाली म्हणून सांगितलं होतं. आणि मनातून एक आवाज असाही निघत होता की पानं खाली पडली असतील, बकरीनं खाल्ली असतील, टोपलीत आलीच नसतील. मग नुसत्या संशयावर हातची माती घालवायची?

बाईंनी शेवटी जे ठरवलं ते दुसऱ्या कोणाच्या डोक्यात आलं नसतं. त्या स्वयंपाकघरात गेल्या, दार ओढून घेतलं, वाटीभर भाजी काढली आणि देवाकडे तोंड केलं. उपवास मोडत होता, नैवेद्याआधी उष्टं होत होतं, दोन्ही पापं एकदमच. "ऋषीहो, तुमी सात जण हा," त्या पुटपुटल्या, "एकानं तरी माफ करजा." आणि वाटी चाटूनपुसून खाल्ली. भाजी फार सुंदर झाली होती, हेच वाईट.

मग त्या पाटावर बसून वाट पाहू लागल्या. धोतऱ्याची लक्षणं त्यांनी लहानपणी पाहिली होती. मामाच्या गड्यानं एका होळीला भांगेत धोतरा मिसळून घेतला होता, आणि तो दिवसभर ओट्यावर बसून हवेतला कापूस वेचत होता, वेचून वेचून ओटीत भरत होता आणि मापारी कुठं गेला म्हणून शिव्या देत होता. घसा कोरडा पडतो, डोळ्यांपुढं एकाचे दोन होतात, माणूस असंबद्ध बडबडतो. बाईंनी एक एक तपासायला घेतलं. घसा? कोरडा वाटत होता. पण तो भीतीनंही पडतो. डोळे? कॅलेंडरवरची देवी एकच होती. बडबड? इथं मात्र बाई अडकल्या. मी बरळून राहिली की नेहमीसारखी बोलून राहिली, हे मला कोण सांगणार? त्यांनी मोठ्यानं एक वाक्य बोलून पाहिलं. ते त्यांना ठीक वाटलं. पण वेड्यालाही आपलं ठीकच वाटते की!

त्या विचारानं त्यांना एकदम हसू फुटलं. हसल्या आणि दचकल्या, कारण तो गडीही असाच हसायचा. दचकल्या म्हणून आणखी हसू आलं. मग खात्री करायला त्यांनी हवेत हात नेला आणि कापूस लागतो का पाहिला. नाही लागला. दुसरीकडे पाहिला. त्याच वेळी आरतीनं दार उघडलं, आणि सासू हसत हसत हवेत चिमट्या मारते आहे हे तिला दिसलं.

"आई, काय करून राहिल्या?"

"मच्छर," बाई म्हणाल्या.

आरती गेली. सासूबाईंचं वागणं तिला जरा विचित्र वाटलं असतं, पण इतकंच विचित्र ते गेल्या गुरुवारीही होतं.

असा बराच वेळ गेला आणि काही झालं नाही. बाईंना धीर आला. मनात पेढे वाटून झाले, अंगण वाचलं, ऋषी पावले. त्यांनी पदर खोचला, पंगतीची ताटं मांडली, खुशालरावांना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही म्हणून त्यांची खुर्ची ओढली. बाहेर ऑटो थांबला. आरती "बाबा आले" म्हणत धावली. बाई हात पुसत दारात आल्या आणि उंबऱ्यातच थिजल्या.

दारात दोन रविकांतराव उभे होते.

तेच टक्कल, तोच चष्मा, तोच चौकटीचा निळा शर्ट, आणि दोघांनी एकदमच हात जोडले. बाईंनी डोळे मिटले. उघडले. दोघेही होते. आता दोघे हसत होते. एकाचे दोन झाले, धोतरा चढला, मी गेले! पदर सावरत त्यांनी दोन्ही आकृत्यांच्या मधोमध पाहून नमस्कार केला, म्हणजे खरा कोणता असेल त्याला पोचेल. आरती मागून काही सांगत होती, पण श्रावणी मोठ्यानं ओरडत आजोबांच्या अंगावर धावली आणि त्या गोंधळात बाईंच्या कानात काही शिरलं नाही.

मंडळी हात धुऊन पंगतीला बसली. आरतीनं नैवेद्य दाखवला आणि वाढायला लागली. एका व्याह्याच्या ताटात भाजी, दुसऱ्या व्याह्याच्या ताटात भाजी. आरती भासालाही वाढून राहिली, असं बाईंना दिसलं आणि आपली गत फारच पुढं गेल्याची त्यांची खात्री पटली. तरी अजून आशा सुटत नव्हती. भाजी तेवढी कोणाच्या पोटात जाऊ नये, आणि धोतऱ्याचं नावही निघू नये.

"थांबा, खाऊ नका," त्या म्हणाल्या. "भाजीत पाल पडली होती."

सगळ्यांचे हात थांबले. इथवर ठीक होतं. पण रविकांतराव म्हणजे जन्मभर विद्यार्थ्यांच्या अंधश्रद्धा काढलेला माणूस. पाल म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी बसल्या जागी व्याख्यान सुरू केलं की घरातली पाल विषारी नसते, हा गैरसमज कसा पसरला, पाल पडलेलं खाऊन लोक आजारी पडतात ते भीतीनं. बोलता बोलता त्यांनी घास उचलला. हे मी तुमच्यासमोर खाऊन दाखवतो, असं म्हणाले. तेवढ्यात शेजारचे दुसरे रविकांतराव, त्याच आवाजात, मीही खाऊन दाखवतो म्हणाले आणि त्यांनीही घास उचलला.

बाईंना कळेना, खऱ्याचा हात धरावा की खोट्याचा. आणि त्या दोघांच्या मधून, कोणाचं लक्ष नाही असं पाहून, श्रावणीनं ताटातला कणसाचा तुकडा उचलला. रस्सा टपटपत होता. तिनं आ केला.

मग अंगण नाही, माती नाही, सोमवार नाही, काही म्हणजे काही बाईंच्या डोक्यात उरलं नाही. साठी ओलांडलेल्या कौशल्याबाईंनी व्याह्यांच्या ताटावरून उडी मारली. कणीस उडालं ते गणपतीसमोरच्या पाटावर जाऊन पडलं, श्रावणी आजीच्या काखेत आली, आणि बाई ओरडल्या, "धोतरा हाय त्याच्यात! माया अंगणातला धोतरा हाय! पाल-बील काई नाई, मी खोटं बोलली!"

दोन्ही घास एकदम ताटात पडले. आरतीनं झडप घालून पोरीला घेतलं, तिचं तोंड उघडून बोट फिरवून पाहिलं. काही नव्हतं. पोरीनं आईचं बोट चावलं, इतकंच. रविकांतराव उठून फोन शोधायला लागले.

"माया नादी लागू नका," बाई भिंतीला टेकून खाली बसत म्हणाल्या. "मी सकाळीच वाटीभर खाल्ली. चढला मले. दोन दोन इवाई दिसून राहिले." इवाई म्हणजे व्याही.

मग डावीकडचे रविकांतराव खाकरले.

"बाई," ते फार संकोचानं म्हणाले, "दुसरा मी हाओ. निशिकांत. याचा धाकटा भाऊ."

आरतीच्या लग्नाच्या वेळी तो सुरतेला होता, म्हणून इकडं कोणी पाहिला नव्हता. गावी परत आला, भाऊ निघालाच आहे तर आपणही जाऊ म्हणून न बोलावता सोबत आला. शर्ट एका पुतणीच्या लग्नातल्या आहेराचे, एकाच ताग्यातले. आरतीनं दारात हेच सांगितलं होतं. कौशल्याबाईंनी एकाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं. निशिकांतरावांच्या हनुवटीवर तीळ होता. हसू कोणाला आधी फुटलं ते सांगता येत नाही, पण आरती हसली नाही. तिनं सासूचा हात धरला, नाडी पाहिली, डोळ्यांची पापणी वर केली, आणि भाजीत पानं गेली कशावरून ते विचारलं. बाईंनी दोन तोडलेल्या देठांचं सांगितलं.

तेव्हा खुर्चीवरून एक आवाज आला. घरात तो इतका कमी ऐकू येत असे की सगळे वळले.

"थे पानं मी तोडले," खुशालराव म्हणाले.

आणि त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला. गुडघ्यावर जुन्या धोतराच्या पट्टीनं बांधलेली धोतऱ्याची दोन पानं, समईच्या ज्योतीवर गरम केलेली, मऊ पडलेली. पावसाळ्यात त्यांचे सांधे दुखत. बायको अंगणातल्या पानाला हात लावू देत नाही, म्हणून पहाटे ती न्हाणीघरात असताना ते जाऊन तोडून आले होते. मघापासून का बोलले नाहीत, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं की मला मध्ये जागाच मिळाली नाही.

मग जे हसणं सुरू झालं ते आवरेना. रविकांतराव ताटासमोर आडवे झाले, निशिकांतरावांचा चष्मा पडला, श्रावणीला काही कळलं नाही पण ती सगळ्यांत मोठ्यानं हसत होती. बाई डोळे पुसत हसल्या, पाट बडवत हसल्या, आणि हसता हसता एकदम थांबल्या. धोतरा भाजीत नव्हता, पण अंगणात होता. आणि ते त्यांनी आपल्याच तोंडानं, दोन्ही व्याह्यांसमोर ओरडून सांगितलं होतं.

आरती केव्हाच बाहेर गेली होती. बाई तिच्यामागं गेल्या. ती धोतऱ्यासमोर उभी होती.

"आई, तुमी आधी खाल्ली कावून?" तिनं न वळता विचारलं. "पोरीले काही होऊ नये म्हून?"

इथं हो म्हणणं किती सोपं होतं! सून विरघळली असती, पाया पडली असती. बाईंच्या तोंडात हो आलंही होतं.

"नाई," त्या म्हणाल्या. "पोरीसाठी असतं त फेकून देल्ली असती. अंगणासाठी खाल्ली. म्या म्हटलं, मले काई झालं नाई, त कोणाले सांगाचं कामच नाई."

आरती वळली. तिचे डोळे भरले होते, आणि राग तर असा की ओठ थरथरत होते. ह्या एवढ्याशा मातीसाठी जीव जुगारात लावला, मेल्या असत्या तर पोरीनं कोणाला हाका मारल्या असत्या, असं ती खूप काही बोलली. कौशल्याबाई ऐकत राहिल्या. कोणी आपल्या मरणावर इतकं रागावेल हे त्यांना नवीन होतं. आरतीचं बोलून झालं तेव्हा त्यांनी वाकून धोतऱ्याचा बुडखा धरला. जोर लावून ओढला. काळी माती पावसानं लोण्यासारखी झालेली, झाड आधीच सैल, ते असं सुळकन निघालं की बाई झाडासकट मागं चिखलात बसल्या. आरतीनं रागातच त्यांना हात देऊन उठवलं.

"चाल," बाई म्हणाल्या. "अजून एक हाय."

"काय?"

"चाल त खरी."

त्यांनी तिला टाकीमागं नेलं. त्या कोपऱ्यात उन्हाची एक तिरीप आली होती आणि तिच्यात कळलावी पेटली होती. पाकळ्या वर वळलेल्या, खाली पिवळ्या, टोकाला लाल. पानांची टोकं मुरडून कुंपणाच्या तारेला धरून बसलेली. आरतीच्या तोंडून नकळत आवाज निघाला. असं फूल तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"किती सुंदर आहे," ती हळूच म्हणाली. "हे राहू द्या, आई. हे तर नाही ना विषारी?"

"हेच सगळ्यात वाईट. हिचा कंद पोटात गेला त माणूस वाचत नाई. मले पयल्यापासून मालूम होतं. तुह्या बाबाले इकडे येऊ देणार नव्हती."

बाई गुडघ्यावर बसल्या. पदराचं टोक हाताला गुंडाळून त्यांनी वेलाच्या बुडाशी माती उकरली, सावकाश, मूळ तुटून मागं राहू नये म्हणून. लहान बाळाच्या बोटांसारखा पांढुरका कंद वर आला. तारेवरची मुरडलेली टोकं सुटता सुटेनात. त्यांनी एक एक सोडवलं, एकही तोडलं नाही. रडत होत्या आणि रडत होत्या हे लपवत नव्हत्या. सगळं काढून झाल्यावर त्यांनी हात झाडले आणि चंदननं काम कुठून सुरू करायचं ते आरतीला दाखवायला लागल्या. मोरीकडून सुरू कर म्हणा, अळू आज संध्याकाळी मीच काढून ठेवते, मका मात्र पाखरांसाठी जरा वाळू द्या.

आरतीनं चिखलाच्या हातानंच फोन काढला. अंगठा पुसला, नंबर लावला.

"चंदनभाऊ, सोमवारी येऊ नका. नाही, मंगळवारी पण नाही. आमाले ब्लॉक नाही बसवायचे."

फोन ठेवून ती सासूकडे वळली आणि म्हणाली की आता दर रविवारी सकाळी मी तुमच्यासोबत सगळं अंगण फिरणार, श्रावणीही फिरणार, आणि जे आलं ते काय आहे ते तुम्ही आधी मला सांगायचं, सुंदर असलं तरी. कौशल्याबाईंनी मान हलवली. पहाटेपासून पोटात त्या वाटीभर भाजीशिवाय काही गेलं नव्हतं. जग खरोखर गरगर फिरत होतं, टाकी, मका, तार, सून.

"आरती," त्या म्हणाल्या, "आता मात्र मले खरंच चक्कर येऊन राहिली वं."

आणि त्या तिथंच चिखलात बसून हसायला लागल्या. आरतीनं बँकेतल्या मैत्रिणींसोबत घेतलेल्या नव्या साडीकडे एकदा पाहिलं, मग तीही त्यांच्याशेजारी बसली.